निर्ग्रंथ वेळू

देरासरात मूलनायकाचे दर्शन घेताना दृष्टी प्रभूंच्या मुखावर स्थिरावते, आणि तेच योग्य. परंतु एखाद्या जुन्या सपरिकर मूर्तीपुढे थोडा अधिक वेळ उभे राहिले, तर मस्तकाच्या दोन्ही अंगांना कोरलेल्या सूक्ष्म आकृती हळूहळू दिसू लागतात. कोणाच्या हाती माळ, कोणाच्या हाती चवरी. आणि पुष्कळ परिकरांत एक वीणाधारी व एक वंशधारी देव. वंश म्हणजे वेळू, अर्थात बासरी. अष्ट महाप्रातिहार्यांपैकी दिव्यध्वनीचे हे चिन्ह. समवसरणात तीर्थंकर मालकोश रागात देशना देतात आणि देव त्या वाणीत बासरीचा सूर भरतात, असे श्वेतांबर घरांतील मुले अरिहंतांचे बारा गुण पाठ करताना पाठशाळेत शिकतात.

त्याच पाठशाळेत दुसरा एक दृष्टांतही कानी पडतो. तो पाच इंद्रियांच्या पाच बळींचा. स्पर्शाच्या मोहाने हत्ती खड्ड्यात पडतो, रसनेने मासा गळाला लागतो, गंधाने भ्रमर कमळात कोंडला जातो, रूपाने पतंग दिव्यावर झेपावतो आणि श्रवणाने हरिण फसते. पारधी झाडाआड बसून सूर धरतो, हरिण कान टवकारून जागीच थांबते, आणि बाण सुटतो. हा दृष्टांत सांगताना पारध्याच्या हाती पुष्कळदा बासरीच दिलेली असते. त्यात भर साधुजीवनाच्या आचाराची. वायुकायाच्या जीवांची विराधना होऊ नये म्हणून दशवैकालिक सूत्र साधूला तोंडाने फुंकर घालण्याचाही निषेध करते. जिथे फुंकरच वर्ज्य, तिथे बासरीचा प्रश्नच उद्भवत नाही.

वेळू एकच. देवाच्या हाती तो प्रभूंच्या वाणीची सेवा करतो, पारध्याच्या हाती तो फास होतो, आणि साधू त्याला स्पर्शही करीत नाही. मग गृहस्थाने त्याच्याकडे कसे पाहावे?

जैन परंपरेने या प्रश्नाकडे पाठ फिरवलेली नाही, हे ग्रंथ चाळले की लक्षात येते. स्थानांग सूत्रात वाद्यांचे तत, वितत, घन आणि शुषिर असे चार प्रकार सांगितले आहेत. बासरी शुषिर वर्गातली, म्हणजे पोकळीतून वाजणारी. स्थानांगात आणि अनुयोगद्वार सूत्रात सात स्वरांचे सविस्तर विवेचन आहे. राजप्रश्नीय सूत्रात सूर्याभ देव भगवान महावीरांपुढे नाट्यविधी सादर करतो, त्या प्रसंगी वाद्यांची लांबलचक यादी येते आणि तिच्यात वेळूची वाद्येही आहेत. पुढे पार्श्वदेव या जैन ग्रंथकाराने ‘संगीतसमयसार’ लिहिला, चौदाव्या शतकात सुधाकलशांनी ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ रचला. बासरी म्हटले की सर्वांना श्रीकृष्ण आठवतात. जैन कथांत कृष्ण वासुदेव नेमिनाथांचे चुलत बंधू आहेत. पण तेथे लक्षात राहतो तो शंख. कृष्णांच्या आयुधशाळेत जाऊन नेमिकुमारांनी सहज उचलून फुंकलेला, सारी द्वारका हादरवणारा.

मराठीतला ‘वेळू’ हा शब्दही प्राकृतातूनच आला. आगम ज्या भाषेत बोलतात तिच्या कुळातला हा शब्द कोकणातल्या आणि घाटावरच्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे. मात्र शास्त्रीय संगीताची मोठी बासरी ज्या वेळूची होते, तो वेळू कोकणातही मिळत नाही आणि घाटावरही नाही.

याचे कारण बांबूच्या पेरात आहे. बांबू हे मुळात गवत. ते गाठीगाठीने वाढते. दोन गाठींमधला पोकळ भाग म्हणजे पेर. गाठीच्या जागी आत पडदा असतो आणि बाहेर कंगोरा. बासरीत फुंकलेली हवा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडथळ्याविना गेली पाहिजे, म्हणून संपूर्ण बासरी एकाच पेराची असावी लागते. लहान बासरीला फूट-दीड फुटाचे पेर पुरते. मैफलीत वाजणाऱ्या, पांढरी तीन स्वराच्या बासरीला मात्र सुमारे अडीच फूट लांबीचे, आत जवळजवळ एक इंच पोकळी असलेले, पातळ भिंतीचे आणि सरळ पेर हवे. सह्याद्रीतला मानवेल जवळजवळ भरीव. कळकाची भिंत जाड. त्यांचे मांडव होतात, शिड्या होतात, सुपे-टोपल्या होतात. बासरीचा बांबू येतो तो आसामातून, प्रामुख्याने सिलचरच्या परिसरातून. तेथील पावसात आणि दमट हवेत वाढणाऱ्या काही जातींचीच पेरे इतकी लांब आणि भिंती इतक्या पातळ असतात.

तेराव्या शतकात देवगिरीला, आजच्या दौलताबादेत, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. यादव राजा सिंघणाच्या पदरी हा पंडित श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा प्रमुख. वह्या तपासणाऱ्या माणसाची नजर त्याच्या वाद्याध्यायात जागोजाग दिसते. बासरीचे प्रकार त्याने फुंकीचे छिद्र आणि त्यानंतरचे पहिले छिद्र यांतील अंतर अंगुळांत मोजून लावले आणि नावे दिली ती संख्यांवरून. एक अंगुळाची एकवीर, दोनची उमापती, तीनची त्रिपुरुष, चारची चतुर्मुख. अकरा अंगुळांची रुद्र, बाराची आदित्य, चौदाची मनू. हिशेबनिसाने वाद्यांचा साठा मोजून खतावणी लिहावी तसा हा भाग आहे. बासरी खैराची, चंदनाची, हस्तिदंताची, लोखंडाची, कांशाची, रुप्याची किंवा सोन्याचीही करता येते, असे तो नोंदवतो. पण वस्तू कोणतीही असो, ती वाटोळी, सरळ, गुळगुळीत असावी आणि तिच्यात गाठ, भेग किंवा व्रण नसावा, ही अट तो घालतोच.

गाठ नसावी. संस्कृतात गाठीला ग्रंथी म्हणतात, आणि ज्याच्या ग्रंथी सुटल्या तो निर्ग्रंथ. भगवान महावीरांच्या काळी त्यांच्या संघाला लोक याच नावाने ओळखत. शार्ङ्गदेवाच्या मनात हा अर्थ असण्याचे काही कारण नाही, तो कारागिराची अट सांगत होता. तरीही जैन वाचक त्या शब्दापाशी क्षणभर थांबल्याशिवाय राहणार नाही.

आसामातला हा बांबू दीड हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून जिथे मोठ्या प्रमाणावर पोहोचतो ते गाव म्हणजे उत्तर प्रदेशातले पीलीभीत. नेपाळच्या सीमेलगतच्या तराई भागातल्या या शहरात पिढ्यान्‌पिढ्या बासऱ्या घडतात. बहुतेक कारागीर कुटुंबे मुसलमान आहेत. उत्तर प्रदेश सरकारच्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत पीलीभीतच्या वाट्याला बासरीच आली. व्यापाराच्या अंगाने पाहता हा धंदा चमत्कारिक आहे. कच्चा माल दूरचा, मजुरी सारी हाताची आणि वस्तूची किंमत थोडकी. जत्रेतली पोरे वाजवतात ती बासरी काही रुपयांतच विकावी लागते. त्यात १९२७ च्या वन कायद्याने बांबूला वृक्षांत गणले होते, त्यामुळे त्याच्या तोडीला आणि वाहतुकीला परवान्यांचा जाच असे. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेर उगवलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला, म्हणजे गवताला गवत म्हणायला नव्वद वर्षे लागली. त्याच वर्षी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना करमाफी मिळाली.

पेर वाळवून, पारखून घेतल्यावर लोखंडी सळई भट्टीत लाल करून छिद्रे डागतात. आधी फुंकीचे, मग बोटांची सहा. सुताराच्या गिरमिटाने पातळ बांबू चिरण्याची भीती असते. डागल्याने कड स्वच्छ राहते. येथून पुढे कारागिराचा खरा जोखमीचा भाग सुरू होतो. छिद्र मोठे केले की स्वर चढतो, फुंकीच्या जवळ सरकवले तरी चढतो. म्हणून जाणता कारागीर प्रथम छिद्र मुद्दाम लहान ठेवतो, वाजवून पाहतो, किंचित डागतो, पुन्हा वाजवून पाहतो. पूर्वी तो पेटीच्या सुराशी मिळवून बघे, आता मोबाइलवर स्वर तपासता येतो. पण प्रत्येक पेराची पोकळी, तिचा निमुळतेपणा आणि भिंतीची जाडी वेगळी, त्यामुळे एका बासरीची मापे दुसरीला जशीच्या तशी चालत नाहीत. सळई एकदा जरुरीपेक्षा जास्त फिरली आणि स्वर वर गेला, की तो खाली आणणे जवळपास अशक्य. मेण भरून डागडुजी होते, पण मैफलीत वाजवणारा तशी बासरी घेत नाही. आसामातून आलेले, शेकडोंतून निवडलेले पेर त्या एका क्षणात खेळण्याच्या मोलाचे होते.

एवढे करूनही कारागिराला बासरीत सारे स्वर घालता येत नाहीत. ही गोष्ट ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून जरा विस्ताराने सांगितली पाहिजे. बोटांची छिद्रे सहा. सहाही झाकली की मंद्र पंचम वाजतो. खालून एकेक बोट उचलत गेले की धैवत, निषाद आणि वरची तीनच छिद्रे झाकलेली राहिली की षड्ज. मग ऋषभ, गांधार, आणि सारी छिद्रे मोकळी केली की तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमालासुद्धा पूर्ण छिद्र नाही. तो पहिले छिद्र अर्धे झाकून काढावा लागतो. कोमल स्वरांचेही तेच: कोमल गांधाराला दुसरे छिद्र अर्धे, कोमल निषादाला पाचवे अर्धे, कोमल धैवताला सहावे अर्धे. हे ‘अर्धे’ बांबूवर कोठेही कोरलेले नसते. ते बोटाच्या मांसात आणि कानाच्या निवाड्यात असते. केसभर बोट इकडचे तिकडे झाले की स्वर खोटा.

आता मालकंस घ्या, म्हणजे पाठशाळेतला मालकोश. षड्ज, कोमल गांधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. ऋषभ आणि पंचम वर्ज्य. पाच स्वरांपैकी गांधार अर्ध्या छिद्रावर, मध्यम अर्ध्या छिद्रावर, धैवत आणि निषादही अर्ध्याच छिद्रावर. कारागिराने पूर्ण छिद्राने निश्चित केलेला असा फक्त षड्ज उरतो. बाकीचा सारा राग वाजवणाऱ्याने क्षणोक्षणी आपल्या बोटाखाली घडवायचा. देशनेचा राग म्हणून परंपरेने जो सांगितला, तो सहा छिद्रांच्या बासरीवर सर्वांत निराधार रागांपैकी एक आहे. मोठ्या मैफलीत रात्र चढल्यावर मालकंसाचा आलाप सुरू होतो तेव्हा श्रोत्यांना ऐकू येते ती शांतता. त्या वेळी वाजवणाऱ्याच्या बोटांवर केवढा भार असतो, हे त्या शांततेत जाणवत नाही, आणि जाणवूही नये.

हीच अडचण बासरीचे सामर्थ्यही आहे. पाश्चात्त्य बासरीवर धातूच्या चाव्या असतात, त्या छिद्र पूर्ण झाकतात किंवा पूर्ण उघडतात. आपल्या बासरीवर बोट आणि बांबू यांच्यामध्ये काहीच नाही. बोट हळूहळू सरकवत उचलले की एका स्वरातून दुसऱ्यात न तुटता जाता येते. यालाच मींड म्हणतात, आणि मींडेवाचून ख्यालाची गायकी उभी राहत नाही.

तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बासरी हे लोकगीतांचे, नाटकांचे, कीर्तनाच्या साथीचे वाद्य समजले जाई. गुराख्याचा पावा, जत्रेतले अलगूज यांच्याच पंक्तीला ती बसे. आक्षेप रास्त होता. छोट्या बासरीचा आवाज चढा आणि बारीक. ख्यालाचा आलाप ज्या मंद्र सप्तकात विसावतो तिथे ती पोहोचतच नसे. हा आक्षेप ज्यांनी मोडून काढला ते पन्नालाल घोष १९११ मध्ये आज बांगलादेशात असलेल्या बारिसालला जन्मले. वडील सतार वाजवीत. पन्नालाल तरुणपणी मुष्टियुद्ध खेळत, आणि ती कमावलेली छाती पुढे बासरीच्या कामी आली. कलकत्त्याच्या चित्रपटसृष्टीत काम करून १९४० मध्ये ते मुंबईस आले. १९४२ च्या ‘बसंत’ चित्रपटाला संगीतकार म्हणून त्यांचे नाव आहे.

मंद्र स्वर हवा तर हवेचा स्तंभ लांब हवा. स्वर एक सप्तक उतरवायचा तर लांबी सुमारे दुप्पट व्हावी लागते. पन्नालालांनी निरनिराळ्या लांबीच्या बासऱ्या करून पाहिल्या आणि अखेर सुमारे बत्तीस इंचांच्या बासरीवर स्थिरावले. लांबी वाढली की छिद्रांमधले अंतर वाढते. बोटांची अग्रे तिथवर पोहोचत नाहीत. म्हणून बोट सपाट ठेवून मधल्या पेराने छिद्र झाकण्याची पद्धत आली. फुंकही अधिक लागते. आणि सहा छिद्रांत मंद्र पंचमाच्या खाली जाता येईना म्हणून त्यांनी खालच्या बाजूला सातवे छिद्र डागले, उजव्या हाताच्या करंगळीसाठी. तेही झाकले की मंद्र तीव्र मध्यम मिळतो. एका छिद्राने एकच स्वर वाढला, हे खरे. परंतु यमन, मारुबिहाग यांसारख्या रागांत त्या एका स्वरावाचून खालची वाट अडत होती.

वाद्य तयार झाले. नाव झाले होते, चित्रपटांत काम होते, मैफली होत्या. आणि १९४७ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पन्नालाल मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिष्य म्हणून गेले. व्यापारी घरांतल्या वाचकांना या गोष्टीचे वजन वेगळ्याने सांगायला नको. चालत्या पेढीच्या धन्याने गल्ला सोडून दुसऱ्याच्या दुकानी उमेदवार म्हणून बसावे, तसे ते होते. पुढे १९५६ पासून ते दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालन करीत. दीपावली, नूपुरध्वनी, चंद्रमौली, पुष्पचंद्रिका हे राग त्यांनी निर्माण केले. २० एप्रिल १९६० रोजी, पन्नाशीही गाठण्याआधी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. मागे उरले ते शिष्य, त्यांत देवेंद्र मुर्डेश्वर आणि व्ही. जी. कर्नाड, आणि ती लांब बासरी. आज हिंदुस्थानी संगीतात जी वाजते ती सहा छिद्रांची असो वा सातांची, लांबी आणि गांभीर्य तिला मिळाले ते त्यांच्या हातून.

मैहरच्याच घराण्यातून दुसरी गोष्ट निघते, आणि तिचे स्थळ मुंबई आहे. अल्लाउद्दीन खाँ यांच्या कन्या अन्नपूर्णादेवी सूरबहार वाजवीत. तरुण वयातच त्यांनी जाहीर मैफली सोडल्या आणि २०१८ मध्ये देहावसान होईपर्यंत व्यासपीठावर पुन्हा पाऊल ठेवले नाही. दक्षिण मुंबईतल्या घरात बसून त्या मोजक्या शिष्यांना शिकवीत. कीर्ती दाराशी चालून आली असता तिच्यासाठी दार न उघडणे हे कोणत्याही शास्त्रात व्रतच म्हटले जाईल.

त्यांच्याकडे हरिप्रसाद चौरसिया गेले. जन्म १९३८ चा, अलाहाबादचा. वडील पहिलवान, मुलाने आखाड्यात यावे ही त्यांची इच्छा. मुलगा चोरून बासरी शिकला, १९५७ मध्ये कटकच्या आकाशवाणीवर नोकरीस लागला, तेथून मुंबईस आला, आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत त्याला उसंत मिळेना. अन्नपूर्णादेवींनी आधी त्यांना नकार दिला. पुन्हा पुन्हा विनवल्यावर होकार आला, पण आजवर जे शिकलात ते विसरून पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, या अटीवर. पुढचे चौरसियांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. आपण खरोखर पहिल्यापासून सुरू करीत आहोत हे दाखवण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच पालटली. उजवीकडे धरली जाणारी बासरी ते डावीकडे धरू लागले. वर्षानुवर्षांच्या सवयीने बोटांत भिनलेले ज्ञान त्यांनी एका दिवसात निरुपयोगी करून टाकले. ज्या हाताला मघाशी सांगितलेले ते ‘अर्धे’ छिद्र ठाऊक होते, तो हात आता दुसऱ्याच छिद्रांवर होता. आजही ते त्याच बाजूने वाजवतात.

सूरबहार वाजवणारी गुरू बासरी कशी शिकवणार, असा प्रश्न कोणालाही पडेल. अन्नपूर्णादेवी गाऊन शिकवीत. पन्नालालांच्या परंपरेत देवेंद्र मुर्डेश्वरांकडे शिकलेले नित्यानंद हळदीपूर हेही पुढे त्यांच्याचकडे शिकले. गळ्यातून आलेला सूर बांबूत कसा उतरवायचा, हा शिष्याचा प्रश्न. या दोन कथांतली बासरी पारध्याची नव्हे, एवढे म्हणायला हरकत नसावी. पारध्याला सूर तयार मिळालेला असतो, त्याला काही सोडावे लागत नाही.

अहिंसेच्या अंगानेही हे वाद्य पाहण्यासारखे आहे. देरासराच्या पायरीशी श्रावक कातडी पट्टा काढून ठेवतो, पाकीट बाहेर ठेवतो. आत भावनेला बसल्यावर ढोलकी घुमते, ती मात्र चामड्याचीच असते. सवयीने हे कोणाच्या लक्षात येत नाही. तबला, मृदंग, पखवाज कातड्याचे. सारंगीच्या मुख्य तारा आतड्याच्या. सतारीच्या ज्या घोडीवर तारा टेकतात तिची जवारी पूर्वी सांबरशिंगाची वा हाडाची असे. बासरीत यातले काही नाही. एक पेर, टोकाला एक बूच, चिरू नये म्हणून गुंडाळलेला दोरा आणि वर्षाकाठी थोडे तेल. बांबू हाही एकेंद्रिय जीव आहे आणि छिद्रे डागायला अग्नी लागतो, हे कोणी म्हणाले तर ते मान्यच केले पाहिजे. शिवाय मैफलीत बासरीच्या शेजारी तबला बसतो. तेव्हा पूर्ण निर्दोषतेचा दावा कोणी करू नये. श्रावकाचा धर्म मुळात अल्पातल्या अल्प हिंसेचा हिशेब ठेवण्याचा आहे, आणि त्या वहीत बासरीच्या पानावर नावे पडणारी रक्कम फारच थोडी निघते.

पुष्कळ घरांत मुलाला बासरी हवी असते आणि वडील एकदम मोठी, मैफलीतली बासरी आणून देतात. मुलाची बोटे छिद्रांवर पोहोचत नाहीत, फुंक पुरत नाही, चार दिवसांत बासरी कपाटावर जाते. सुरुवात सुमारे दीड फुटाच्या बासरीने करावी. घेताना ती उजेडाकडे धरून आतून भेग तपासावी, सहाही छिद्रे झाकून पंचम स्वच्छ येतो का ते पाहावे, आणि शक्य तर शिकवणाऱ्यालाच सोबत न्यावे. दिसायला देखणी, रंगवलेली बासरी बहुधा बेसूर असते. थंडीत बासरी आधी उतरलेली लागते आणि श्वासाने तापत गेली की चढते, कारण उष्ण हवेत ध्वनी अधिक वेगाने धावतो. मैफल सुरू होण्याआधी वादक नुसताच फुंकत बसलेला दिसतो तो याचसाठी. तंबोऱ्याची तार मात्र उष्णतेने सैल होऊन उतरते. दोघांची दिशा उलटी, म्हणून मध्येच थांबून तंबोरा पुन्हा लावावा लागतो. वाजवून झाल्यावर आतला दमटपणा कापडाने पुसून घ्यावा. उन्हात किंवा गाडीच्या काचेखाली बासरी कधी ठेवू नये. कोरड्या हवेत तेल देणे विसरू नये, सरसोचे पुरते.

मोठी बासरी आधीच घेतली असेल तर ती तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवावी. हात वाढला की एक दिवस मुलाची अनामिका तिसऱ्या छिद्रावर आपोआप बसते, आणि मग षड्ज लागतो.